सोळा पुरं, सहा गल्ल्या आणि सातबाऱ्यावरची कोरी ओळ

सोलापूर म्हणजे सोळा पुरं, सांगली म्हणजे सहा गल्ल्या, सातारा म्हणजे सात तारे. मराठी माणसाला गावाचं नाव फोडायला दिलं की तो आधी बोटं मोजायला लागतो. एसटीत शेजारी बसलेला अनोळखी गृहस्थसुद्धा स्टँड येईपर्यंत अशी एखादी व्युत्पत्ती फुकटात देऊन उतरतो. ऐकायला मजा येते, प्रवास सरतो, कुणाचं काही बिघडत नाही. बिघडतं ते पुढं. तीच गोष्ट गावच्या कमानीवर, शाळेच्या स्मरणिकेत आणि ग्रामपंचायतीच्या फलकावर ‘गावाचा इतिहास’ म्हणून ऑइलपेंटनं चढते आणि दहा वर्षांत तिला पुराव्याचा मान मिळतो. गप्पेतली व्युत्पत्ती गप्पेतच शोभते. पाटीवर काही लिहायचंच असेल तर आधी गावचे लोक ते नाव कसं उच्चारतात तेवढं धड लिहावं. बरेचदा तेही झालेलं नसतं.

सोलापूरचंच बघा. बाराव्या शतकातल्या सिद्धरामेश्वरांचं गाव कन्नड वचनांत आणि शिलालेखांत ‘सोन्नलिगे’ म्हणून येतं. मोहोळ तालुक्यातल्या कामती इथल्या शके १२३८ च्या, म्हणजे इ.स. १३१६ च्या संस्कृत लेखात ‘सोनलीपूर’ आहे. पुढं किल्ल्यातल्या एका लेखात ‘सोनलपूर’ दिसतं. मधला ‘न’ बोलण्यात झिजला आणि सोलापूर उरलं. या सगळ्या प्रवासात सोळा आकडा कुठंच नाही. शिलालेख वाचायची तसदी घ्यायची नसेल तरी एक घरगुती कसोटी आहेच. मराठीत ‘सोळा’ला ‘ळ’ आहे. सोळा सोमवार, सोळा आणे, सोळा संस्कार म्हणताना कुणाची जीभ ‘ल’कडे घसरत नाही. मग नेमकी गावाच्या नावातच ती का घसरावी? व्युत्पत्ती सांगणाऱ्यानं प्रत्येक अक्षराचा हिशेब द्यायला हवा. वाण्याच्या वहीत जमा आणि खर्च जुळावे लागतात, तसंच हे.

सांगलीच्या सहा गल्ल्या या हिशेबात पहिल्याच ओळीला अडतात. ‘सहा’त अनुस्वार नाही आणि ‘गल्ली’तही नाही, ‘सां’वरचा टिंब आला कुठून? शिवाय गाव वसवताना गल्ल्या मोजून बारसं करायची पद्धत कुठल्या मुलखात होती? साताऱ्याची तऱ्हा आणखी वेगळी. कुणी सात तारे म्हणतं, कुणी सात डोंगर, कुणी सतरा तट-बुरूज. एकाच नावाला तीन आकडे मिळाले की तिन्ही अंदाज आहेत हे ओळखावं. खरी व्युत्पत्ती सहसा एवढी चटकदार नसते. ती बहुधा झाड, पाणी, माती नाहीतर देव इथंच कुठंतरी संपते, आणि ऐकणारा ‘एवढंच होय?’ म्हणतो.

हिशेब जुळतो तेव्हा तो कसा दिसतो, ते पैठणात बघायला मिळतं. प्रतिष्ठान, मग प्राकृतात पइठ्ठाण, मग पैठण. ‘प्रति’चं ‘पइ’ आणि ‘स्थान’चं ‘ठाण’ होणं हा पैठणापुरता अपवाद नाही. श्रीस्थानकाचं ठाणे होतं ते त्याच नियमानं. पल्लीचं ‘वली’ झालं, म्हणून बोरिवली, आंबिवली, कांदिवली, डोंबिवली अशी रांग लागते. खेटकाचं खेड, ग्रामाचं गाव, वाटिकेची वाडी. भोगवर्धनाचं भोकरदन आणि करहाटकाचं कऱ्हाड ऐकताना आधी हसू येतं, पण अक्षरं एकेक करून तपासली की पटतं. लातूर तर शेवटाला ‘ऊर’ लावून आपला कन्नड शेजार उघडपणे सांगतं. राष्ट्रकूट राजे स्वतःला ‘लट्टलूरपुरवराधीश्वर’ म्हणवून घेत, त्यातलं लट्टलूर ते हेच. मराठी गावाच्या नावात कन्नड निघालं म्हणून काहींना अवघडायला होतं. त्यात अवघडण्यासारखं काही नाही. सोलापूर आणि लातूर या दोन नावांनीच सांगून टाकलंय की पूर्वी इथल्या बाजारात दोन्ही भाषा चालत.

नाशिकच्या नावात आणखी एक गफलत कळते, आणि ती हुशार माणसंही करतात. पांडवलेण्यांमधल्या सुमारे दोन हजार वर्षांपूर्वीच्या लेखांत नासिककरांचा उल्लेख आहे. म्हणजे नाव जुनं, यात वाद नाही. पण त्यावरून शूर्पणखेच्या नाकाची गोष्टही तितकीच जुनी ठरत नाही. लेख नावापुरती साक्ष देतो, गोष्टीबद्दल अवाक्षर काढत नाही. पुण्याचंही तसंच. कृष्ण पहिला या राष्ट्रकूट राजाच्या तळेगाव ताम्रपटात ‘पूनक’ असा विषय, म्हणजे प्रांत, आहे. शके ६९०, इ.स. ७६८. मुळा-मुठेच्या संगमाचं पुण्य त्यात बघायचं का नाही, ते ज्याचं त्यानं ठरवावं. ताम्रपटानं काही ठरवून ठेवलेलं नाही.

मुंबईत तर परभाषेचा चष्मा घालून नावं फोडायची हौस भारी. ‘बाँ बाहिया’, सुंदर उपसागर, म्हणून पोर्तुगीजांनी हे नाव दिलं, ही गोष्ट अजून फिरते. पोर्तुगीज भाषेत बाहिया स्त्रीलिंगी आहे. विशेषण लावायचं तर ‘बोआ’ लागेल, ‘बाँ’ नव्हे. आपल्याच भाषेत पोर्तुगीज अशी पहिलीतल्या पोराची चूक करतील? उलट १५१६ च्या सुमारास दुआर्त बार्बोझा हा पोर्तुगीज ‘ठाणा-मयांबू’ लिहून गेलाय, आणि त्यात मुंबाआई ऐकायला फार कान टवकारावे लागत नाहीत. भेंडी बाजारही तसाच. इंग्रजांच्या ‘बिहाइंड द बाजार’चा अपभ्रंश म्हणे! भेंडीचं झाड बघितलेलं नसलं की असं सुचतं. ही भाजीची भेंडी नव्हे. पिंपळासारख्या पानाचं, पिवळ्या फुलांचं, खाऱ्या हवेत सुखानं वाढणारं हे झाड आहे. चिंचपोकळी, चिंचबंदर, वडाळा, ताडदेव, उमरखाडी, फणसवाडी अशा झाडांच्या गर्दीत एकट्या भेंडीनंच विलायतेहून यावं, हे जरा जास्तच झालं. आणि सायनला बायबलात शोधणाऱ्यांनी स्टेशनाची पाटी पुरती वाचावी. तिथं ‘शीव’ही लिहिलंय. मुंबई बेटाची शीव, म्हणजे सीमा.

म्हणींच्या बाबतीतही आपली हीच खोड. ‘अठराविश्वे दारिद्र्य’ ऐकलं की लोक अठरा ब्रह्मांडं डोळ्यांपुढं आणतात. खेड्यात विसाच्या पटीत मोजायची रीत होती: एक विसा, दोन विसा, चार विसा म्हणजे ऐंशी. अठरा विसा म्हणजे ३६०, वर्षाचे सगळे दिवस. वर्षातला एकही दिवस सुटत नाही असं दारिद्र्य. ‘विसे’चं ‘विश्वे’ करून आपण गरिबाचा रोजचा हिशेब पार पुराणात नेऊन ठेवला. ‘अटकेपार झेंडे’मधलं अटक सिंधूकाठचं गाव आहे, मराठी फौजा तिथं १७५८ मध्ये पोचल्या, पोलिसांच्या अटकेशी त्याचा संबंध नाही, हे आता शाळेतल्या मुलांना मुद्दाम सांगावं लागतं.

काही म्हणी मात्र गावांची नावं सरकारी दप्तरापेक्षा नेटानं सांभाळतात. चांद्याचं चंद्रपूर होऊन किती वर्षं लोटली, पण ‘चांदा ते बांदा’मधून चांदा हलायला तयार नाही. यमकाच्या जोरावर तग धरून आहे, आणि त्याच्याबरोबर सावंतवाडी तालुक्यातलं छोटंसं बांदा फुकटात राज्यभर पोचलंय. ‘निघाला देवाच्या आळंदीला, पोचला चोराच्या आळंदीला’ ही म्हण तर एका नावाची दोन गावं असली की टपालाचं, वाटसरूचं आणि सोयरिकीचं काय होतं, त्याचा संपूर्ण अहवाल आहे. देवाची आळंदी खेड तालुक्यात, चोराची म्हणतात ती म्हातोबाची आळंदी हवेलीत. नुसतं ‘आळंदी’ म्हणून भागत नाही, ते यामुळंच.

सारख्या नावांचा हा घोळ महसूलवाल्यांनी शेकडो वर्षांपूर्वी सोडवून ठेवलाय, फक्त ती भाषा आपण विसरलो. वडगाव बुद्रुक आणि वडगाव खुर्द, कोंढवा बुद्रुक आणि कोंढवा खुर्द. बुद्रुक म्हणजे फारसीतला बुजुर्ग: थोरला. खुर्द म्हणजे धाकटा. घरातल्या भावंडांसारखंच. मूळ वस्ती थोरली, तिच्यातून फुटून निघालेली धाकटी, असा साधारण प्रकार. आज खुर्दात बारा मजली इमारती आणि बुद्रुकात गोठे असले तरी पदवी बदलत नाही. धाकट्या भावानं बंगला बांधला म्हणून तो थोरला होत नाही. नाशिक जिल्ह्यात निफाड तालुक्यात मौजे सुकेणे आणि कसबे सुकेणे अशी जोडी आहे. मौजे म्हणजे साधं शेतीचं गाव. कसबा म्हणजे बाजार, उदीम आणि कारभाराचं ठाणं असलेलं मोठं गाव. एवढा एक शब्द वाचता आला तर त्या गावाचा दोनशे वर्षांपूर्वीचा दर्जा कळतो. आणि नेमके हेच शब्द काही गावांना जुनाट वाटतात. कमानीवरून ‘बुद्रुक’ गाळायची टूम निघते. ऐकायला ‘बुद्दू’सारखं, म्हणजे बावळट वाटतं म्हणे. थोरलेपण टाकायला निघालेलं हे जगातलं एकमेव उदाहरण असावं.

आता पाट्यांकडं वळू, कारण रोजचं नुकसान तिथं होतं. गावाचं नाव मराठीतून इंग्रजीत जातं आणि इंग्रजीतून परत मराठीत येतं. जाताना ‘ळ’, ‘ण’ आणि ‘ट-त’मधला भेद सीमेवर जप्त होतो. येताना मिळतं ते भलतंच. रायगडातलं तळा ‘ताला’ होतं, पेण ‘पेन’ होतं, नेरळ ‘नेरल’, कळंब ‘कलंब’. जुन्नर तालुक्यातल्या आळेफाट्याचा ‘आलेफाटा’ होतो आणि तिथं आल्याचा बाजार भरत असावा असं परगावच्या माणसाला वाटतं. परळचं ‘परेल’ आणि वरळीचं ‘वर्ली’ तर आता मराठी माणसाच्याच तोंडी बसलंय. नारायणराव पेशव्याच्या १७७३ मधल्या खुनाच्या संदर्भात ‘ध’चा ‘मा’ केल्याची गोष्ट आपण पिढ्यानुपिढ्या सांगत आलो. अभ्यासक तिला आख्यायिका म्हणतात. पण ‘ळ’चा ‘ल’ रोज, उजेडात, निविदा काढून केला जातो, त्याची कुणी बखर लिहीत नाही.

गोव्यात हा प्रकार पोर्तुगीजांच्या लेखणीतून झाला. त्यांच्या लिखाणात शब्दाच्या शेवटी येणारा ‘एम’ हा नुसता नाकातला सूर आहे, ‘म’ नव्हे. त्यामुळं पेडण्याच्या शेवटी कागदावर ‘एम’ लागला, साखळीच्याही, डिचोलीच्याही. आपण तो ‘एम’ चोख वाचतो आणि ‘पेर्नेम’, ‘सांकेलिम’, ‘बिचोलिम’ म्हणत फिरतो. फोनवरची बाई वळण सांगतानाही तेच म्हणते. तिचा दोष नाही, तिला कुणी डिचोली लिहूनच दिलं नाही.

उपाय खर्चिक नाही. पाटी रंगवायला देताना मजकूर इंग्रजीतून घ्यायचा नाही. गावातल्या तीन वयस्कर माणसांकडून तोंडी नाव ऐकायचं, देवनागरीत लिहायचं, आणि इंग्रजी त्यावरून करायचं. उलट क्रमानं कधीच नाही. नाव विचारतानाही ‘गावाचं नाव काय?’ असा सरळ प्रश्न टाळावा. त्यावर माणूस सावध होऊन शाळेत शिकवलेलं, छापील नाव सांगतो. ‘काल कुठं गेला होता?’ असं विचारावं. उत्तर विभक्ती लावून येतं आणि तिथं नावाचा खरा आकार दिसतो. नाशिकचा जुना माणूस ‘नाशकात’ म्हणतो, ‘नाशिकमध्ये’ नाही. ठाण्याला, पुण्याला, साताऱ्याला: नाव वाकतंय म्हणजे ते लोकांच्या जिभेवर जिवंत आहे. वरून चिकटवलेलं नाव पुष्कळ दिवस ताठ उभं राहतं, त्याला नुसता ‘ला’ जोडावा लागतो.

इथं कुणी म्हणेल, म्हणजे जुनं ते सगळं सोनं, काहीच बदलू नये. असं मुळीच नाही. वस्त्यांना, गल्ल्यांना दिलेली जातिवाचक नावं बदलण्याचा निर्णय राज्य मंत्रिमंडळानं डिसेंबर २०२० मध्ये घेतला, तो योग्यच होता. पत्ता सांगताना माणसाला रोज आपली जात सांगावी लागत असेल, तर त्या नावाचं वय कितीही असो, ते पाटीवरून उतरलं पाहिजे. फक्त उतरवताना ते एका नोंदवहीत लिहून ठेवावं. कुणाला कुठं आणि गावापासून किती लांब राहायला लावलं होतं, याचा पुरावा पुसून टाकणं कुणाच्याच फायद्याचं नाही. शहरांच्या नामांतराचंही तेच. ते लोकांनी निवडलेल्या सरकारनं घ्यायचे निर्णय आहेत, त्यांची बाजू उघडपणे मांडावी. खडकीचं फत्तेनगर झालं, मग औरंगाबाद झालं, २०२३ मध्ये छत्रपती संभाजीनगर झालं. प्रत्येक वेळी बदलणाऱ्याला कारण माहीत होतं. अशा कामात ओढूनताणून केलेली व्युत्पत्ती साक्षीदार म्हणून उभी करू नये, एवढंच म्हणणं. खोटा साक्षीदार खऱ्या बाजूलाही अडचणीत आणतो.

पण या मोठ्या नावांच्या गदारोळात खरी पडझड शिवारात चाललीय. गावाला एक नाव असतं. त्याच्या शिवारात नावं कितीतरी. चिंचेचं टेपाड, भुताचा ओढा, बारवेची पट्टी, घाण्याचा माळ, दोन चावर, हिवराचा दरा. यातली बहुतेक कुठंही छापलेली नाहीत. जमिनीला आधी सर्व्हे नंबर आले. १९४७ च्या तुकडेबंदी आणि एकत्रीकरणाच्या कायद्यानंतर ठिकठिकाणी त्यांचे गट झाले आणि ‘चिंचेचं टेपाड’ गट क्रमांकात विरघळलं. चिंच तोडली, टेपाड जेसीबीनं सपाट झालं, तरी नाव आजोबांच्या तोंडी होतं. आजोबा गेले की तेही गेलं. त्यासाठी ना ठराव लागला, ना मोर्चा निघाला.

ही नावं नुसती गोड आहेत म्हणून जपायची असं नाही. त्यांत माहिती भरलीय. ‘दोन चावर’ हे जुनं माप आहे. एक चावर १२० बिघ्यांचा. ‘बारवेची पट्टी’ म्हटलं की तिथं पायऱ्यांची विहीर होती, कदाचित गाळाखाली अजून आहे. हिवर ही पांढऱ्या सालीची बाभळीची बहीण. ‘हिवराचा दरा’ त्या उतारावर पूर्वी काय उगवत होतं ते सांगतो, आणि झाडं लावायची योजना आलीच तर रोपवाटिकेतून गुलमोहर आणण्याआधी हे वाचावं. ‘भुताचा ओढा’सुद्धा टाकाऊ नाही. अशा नावाच्या जागी बरेचदा जुनं मसणवट निघतं, आणि ते कळलं तर घराचा पाया तिथं घ्यायचा का नाही याचा विचार करता येतो.

गंमत म्हणजे या नावांसाठी सरकारनं जागा कधीच करून ठेवलीय. सातबारा उतारा काढा. वरच्या भागात ‘शेताचे स्थानिक नाव’ अशी ओळ आहे. तिच्यापुढं कितीतरी उताऱ्यांवर काही नसतं. नवा कायदा नको, समिती नको, ती ओळ भरायला हवी. गावानं ठरवलं तर काम चार-सहा दिवसांचं. गावनकाशाची मोठी प्रत काढायची, गट क्रमांक वाचता येतील एवढी. गुराखी, पाटकरी, जुनी शेतमजूर बाई अशी माणसं बरोबर घ्यायची. मालकापेक्षा राबणाऱ्याला जास्त नावं माहीत असतात, आणि खुरपायला, सरपणाला, पाण्याला गेलेल्या बायकांना सगळ्यांत जास्त. घरात बसून आठवायला लावू नये, बांधावर उभं राहिलं की नावं आपोआप येतात. प्रत्येक नाव फोनवर त्यांच्याच आवाजात टिपायचं, मग लिहायचं, ‘ळ’ आणि ‘ण’ दोनदा तपासून. एका जागेला दोन नावं निघाली तर भांडू नये, दोन्ही लिहावीत. वरच्या आळीचं एक, खालच्या आळीचं एक, असं असतंच. नाव का पडलं हा प्रश्न सगळ्यांत शेवटी विचारायचा आणि त्याचं उत्तर वेगळ्या रकान्यात, ‘असं सांगतात’ या मथळ्याखाली. हे दोन रकाने एकत्र झाले की पुन्हा सोळा पुरं आणि सहा गल्ल्या सुरू होतात. भरलेली यादी ग्रामसभेपुढं मोठ्यानं वाचायची. चुका तिथं निघतात, कारण आपल्या शेताचं नाव चुकलेलं कुणाला खपत नाही.

फिरताना एका नावावर खास कान ठेवावा. गावठाणाची माती पांढरी आणि शेताची काळी, हा आपल्याकडचा जुना भेद. गावदेवीच्या गाऱ्हाण्यातही काळी-पांढरी येते. माणसं पिढ्यानुपिढ्या एका जागी राहिली की राख, शेण, भिंतींची माती साठून जमीन करडी-पांढरी होते. जुन्या वस्त्या शोधणारे पुरातत्त्वाचे अभ्यासक म्हणूनच ‘पांढरीचं टेकाड’ कुठं आहे ते आधी विचारतात. तेव्हा ‘कुठं निघालात?’ या प्रश्नावर कुणी ‘पांढरीत’ म्हणालं, आणि ती जागा आताच्या गावठाणापासून चांगली दोन शेतं लांब असली, वर नुसता ऊस उभा असला, तर ऊस तुटून नांगरट झाल्यावर एकदा तिथं चक्कर मारावी. उकरायचं काही नाही. सकाळच्या तिरप्या उन्हात नांगराच्या तासातासातून चालत खापरं दिसतात का, एवढंच बघायचं.